कीर्द रोज, खतावणी अमावस्येला: घराची वही कशी ठेवावी

जानेवारीत बी-बियाण्याच्या दुकानातून नाहीतर पतसंस्थेतून फुकट मिळते, ती डायरी या कामाला घेऊ नका. तिच्यात तारखेला एक पान नेमून दिलेलं असतं. लग्नाच्या दिवशी ते पुरत नाही आणि साध्या दिवशी तीन ओळींत काम संपलं की उरलेलं पान डोळे वटारून बघत राहतं. चार पानं कोरी गेली की माणसाचं मन उडतं आणि वही माळ्यावर जाते. त्यापेक्षा स्टेशनरीच्या दुकानातून दोनशे पानी, जाड पुठ्ठ्याचं, शिवलेल्या बांधणीचं लांब रजिस्टर आणा. तारेचं नको. तार गंजते, भोकं फाटतात आणि नेमकं हवं ते पान गळून पडतं. लिहायला साधा निळा नाहीतर काळा बॉलपेन. जेल पेन हाताला गोड लागतो, पण वहीवर तांब्या लवंडला की अक्षर वाहून जातं.

वही आणली की पहिल्या बैठकीत सगळ्या पानांना कोपऱ्यात हातानं आकडे टाका. कंटाळवाणं काम आहे, नातवाला बसवा. पहिल्या पानावर वही कोणाची, गाव, तालुका, जिल्हा, लिहिणाऱ्याचं पूर्ण नाव आणि सुरुवातीची तारीख. डाव्या बाजूला तीन बोटं समास मोकळा ठेवा. मागाहून कोणी काही सांगितलं तर ते तिथं चढवता येतं, तारीख घालून.

मी लातूरच्या मार्केट यार्डात आडतीवर, म्हणजे शेतकऱ्याचा माल विकून देणाऱ्या दुकानात, मुनिमी करण्यात जन्म घालवला. घरची वही धरली तेव्हा तीच पद्धत हातात होती, म्हणून घरालाही तीच लावली: रोजची कीर्द आणि महिन्याची खतावणी. ज्यांनी दुकानाच्या वह्या पाहिल्या नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. कीर्दीत दिवसभरात जे घडलं ते घडेल तसं उतरतं. खतावणीत तेच खात्याखात्यानं वेगळं होतं, म्हणजे एका शेतकऱ्याचा वर्षाचा सगळा व्यवहार एका पानावर दिसतो. डायरी लिहिणारे पुष्कळ असतात, पण ते नुसती कीर्द लिहितात. मग वीस वर्षांनी मुलगी विचारते, ‘आजीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन कधी झालं?’ आणि दहा वह्या चाळून कोणाला काही सापडत नाही. लिहिलेलं आहे, पण घराच्या उपयोगाचं नाही. घराचा इतिहास राहतो तो खतावणीमुळे.

रोजची ओळ

रोज पाच गोष्टी. तारीख-वार-तिथी, पाऊसपाणी, कोण आलं-गेलं, पैसा किंवा भाव, आणि घरातल्या कोणाच्या तरी तोंडचं एक वाक्य जसंच्या तसं. दहा मिनिटांच्या वर लागू देऊ नका. रात्री जेवणं उरकल्यावर, टीव्ही चालू असला तरी चालतं. आमच्या वहीतली एक नोंद अशी आहे:

‘१२ जून २०२४, बुधवार, ज्येष्ठ शुद्ध षष्ठी. मृग. दुपारी चारला पाऊस, अंगणातल्या परातीत बोटभर पाणी. माळाच्या शेतात अजून पेरा नाही. धाकटी आत्या (वडिलांची धाकटी बहीण, निलंग्याला दिलेली) आली, मुक्काम. पायलीभर हुलगे आणले. सोयाबीनच्या बियाण्याची पावती पाकीट ३ मध्ये. आत्या म्हणाली, “अण्णानं मिरगाच्या तोंडाला बी कधी उसनं आणलं न्हाई. कणगीत राखल्यालं असायचं.”’

पाहा, यात ‘मन प्रसन्न झालं’ असं कुठं नाही. मनाचं लिहायला हरकत नाही, पण आधी परात. परातीतलं बोटभर पाणी वाचलं की पुढच्या माणसाला त्या दिवशीची काळजी न सांगता कळते. आणि आत्याच्या एका वाक्यात घरचं बी राखायची पद्धत, कणगी आणि आजोबांचा (तिच्या अण्णांचा) स्वभाव, तिन्ही आले. ती कणगी आता घरात नाही. तिची नोंद एवढीच.

सणावाराला लोक वहीत वर्तमानपत्रासारखं लिहितात. ‘वेळ अमावस्या उत्साहात साजरी केली.’ ही ओळ लातूर-धाराशिवच्या कोणत्याही घराला लागू पडेल, मग ती तुमच्या वहीत कशाला? येळवशीला, म्हणजे या वेळ अमावस्येला, आंबिलाचं बिंदगं (लहान घागर) कोणाच्या डोक्यावर होतं, कडब्याची कोप कोणत्या शेतात घातली, मिसळीच्या भाजीत, भज्जीत, या वर्षी काय नव्हतं, पुण्याहून कोण आलं आणि कोण आलं नाही, का आलं नाही, ते लिहा. न आलेल्याचं तर नक्की लिहा. फोटोत आलेलेच दिसतात.

भाव लिहिण्याचा मी आग्रह धरतो, तो काही मुनिमाची खोड म्हणून नव्हे. तुरीला काय लागला, शेतातल्या बाईची रोजची मजुरी काय, दुधाचा लिटर, पोराची शाळेची फी, दवाखान्याचं बिल. आज हे सगळ्यांना माहीत आहे म्हणून कोणी लिहीत नाही, आणि सगळ्यात आधी विसरतं ते हेच. बिलं-पावत्या ठेवताना एक ध्यानात घ्या. एटीएमची, पेट्रोल पंपाची, काट्याची चिठ्ठी गुळगुळीत कागदावर येते, ती वर्षा-दोन वर्षांत पांढरी फटक होते. तिच्यावरचे आकडे त्याच दिवशी वहीत उतरवा आणि चिठ्ठी टाकून द्या.

दिवस चुकले तर चुकले. मागची आठ दिवसांची नोंद आठवून, एका बैठकीत, वेगवेगळ्या तारखा टाकून लिहू नका. ते खोटं दिसतं आणि असतंही. आडत बंद असली की आम्ही कीर्दीत आडवी रेघ ओढून ‘सौदा बंद’ लिहायचो. तसंच करा: ‘५ ते १३ नोंद नाही, दवाखाना’. ‘दवाखाना’ या एका शब्दातही माहिती आहे.

आत्या म्हणजे कोणती आत्या

वहीत ‘आत्या आली’, ‘काकू गेल्या’, ‘बापूंचा फोन’ असं लिहिताना हात थांबवा. लिहिणाऱ्याला कळतं, नातवाला कळणार नाही. आमच्याकडे दोन भावकीत मिळून चार बापू होते. म्हणून वहीत पहिल्यांदा येणाऱ्या माणसाचं पूर्ण नाव, नातं आणि गाव लिहायचं, पुढे हाकेचं नाव चालेल. टोपणनावही लिहा, कारण गावात माणूस त्याच नावानं ओळखला जातो आणि म्हातारे त्याच नावानं गोष्टी सांगतात.

बायकांच्या बाबतीत ही काळजी दुप्पट. माहेरचं नाव वेगळं, सासरी आल्यावर ठेवलेलं वेगळं, रेशन कार्डावर तिसरंच. जातीच्या दाखल्यासाठी, पडताळणीसाठी आपण वंशावळ काढतो ती बापाकडून बापाकडे वर चढत जाते. तिच्यात आजी नाही, पणजी तर नाहीच. सातबाऱ्यावर बाईचं नाव चढतं ते बहुतेक नवरा गेल्यावर. मग पणजी कोणत्या गावची, तिला भाऊ किती, ती कशानं गेली, हे सांगायला सरकारी कागद नसतो. तुमची वही हाच कागद. घरातल्या प्रत्येक बाईचं माहेरचं नाव, आईचं नाव, माहेरचं गाव आणि लग्नाचं साल, ही माहिती पहिल्या महिन्यातच भरून टाका. जिवंत माणसं आहेत तोवर हे अर्ध्या तासाचं काम आहे.

म्हाताऱ्यांना साल विचारू नये

‘आजी, तुमचा जन्म कोणत्या साली?’ असं विचारलं की आजी म्हणणार, ‘आम्हाला काय ठाव बाबा.’ आणि बोलणं तिथं संपणार. म्हातारी माणसं आकड्यानं नाही, घटनेनं मोजतात. म्हणून आपल्याकडे घटना तयार पाहिजेत आणि त्यांच्या तारखा आपल्याला पाठ पाहिजेत.

मराठवाड्यातल्या घरासाठी मी वहीच्या आतल्या पुठ्ठ्यावर या खुणा लिहून ठेवल्यात. रझाकारांचा काळ आणि पोलीस ॲक्शन: हैदराबाद संस्थान शरण आलं ते १७ सप्टेंबर १९४८ ला, त्याच्या आधीच्या वर्षभरात गाव सोडून ‘इंग्रजी मुलखात’ गेलेली कुटुंबं पुष्कळ. मराठवाडा मुंबई राज्यात आला १ नोव्हेंबर १९५६. महाराष्ट्र झाला १ मे १९६०. बहात्तरचा दुष्काळ: खडी फोडणं, पाझर तलावाची कामं, सुकडी आणि मिलोची (परदेशी ज्वारीची) लाल भाकर. लातूर जिल्हा वेगळा झाला १६ ऑगस्ट १९८२. किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३, गणपती बुडवून आलेल्या रात्रीनंतरची पहाट. मराठवाडा विद्यापीठाचं नामांतर नव्हे नामविस्तार, १४ जानेवारी १९९४. लातूरला रेल्वेनं पाणी आलं तो उन्हाळा २०१६ चा.

आता प्रश्न असा विचारायचा: ‘बहात्तरच्या खडीवर होतात तेव्हा कडेवर कोण होतं?’ माझी आई लगेच म्हणाली, ‘कडंवर थोरली, अन् तुझा भाऊ पोटात.’ एका वाक्यात दोन लेकरांची वयं बसली. रझाकाराच्या वेळी चालता येत होतं का, पदर आला होता का, लग्न होऊन सासरी आला होता की नाही, शेतात काय उभं होतं? ज्वारी हुरड्यात होती म्हटलं की पौषाच्या आसपास. पेरणीची गडबड होती म्हटलं की जून. असं दोन्हीकडून दाबत आणलं की साल हाती लागतं. वहीत लिहिताना मात्र ‘१९४७ च्या हिवाळ्यात (अंदाजे, आईच्या बोलण्यावरून)’ असं लिहायचं. अंदाज आहे तिथं अंदाज म्हणायचं, आणि तो कशावरून बांधला ते लिहायचं.

समोर मोबाईल धरून ‘हं, सांगा’ म्हटलं की म्हातारं माणूस भाषण देतं. हातात काम असताना बोला. शेंगा फोडताना, तूर निवडताना, वाती वळताना. आणि विचारायचं ते वस्तूविषयी: पाणी कोणत्या आडाचं, न्याहारीला काय, दिवा कशावर चाले, चपला पहिल्यांदा कधी घातल्या. ‘तुमच्या काळचं सांगा’ असल्या प्रश्नाला उत्तरच नसतं. मोबाईलचं रेकॉर्डिंग करायचं तर परवानगी घेऊन, फोन पालथा ठेवून करा. रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला आपणच तारीख, गाव आणि समोर कोण बसलंय ते बोला, नाहीतर फायली साठत जातात आणि आवाज कोणाचा ते कळत नाही. त्यातलं महत्त्वाचं त्याच आठवड्यात कीर्दीत उतरवा.

उतरवताना भाषा सुधारू नका. ‘मी तिथं गेले होते’ नव्हे, ती म्हणाली तसं, ‘म्या गेल्ते’. पैशाचं, मापाचंही तसंच. आजोबांनी बैल साठ रुपयांना घेतला म्हणाले तर हाली की कलदार ते विचारून घ्या. निजामाचे सात हाली म्हणजे इंग्रजांचे सहा कलदार असा हिशेब होता. पायली, शेर, मण यांचे किलो करत बसू नका. पायली हे भरून मोजायचं माप, ज्वारीची वेगळी भरते आणि करडईची वेगळी.

दोघांनी दोन गोष्टी सांगितल्या तर? आमच्या घरात आजोबांनी विहीर कधी खणली यावर चुलते आणि आत्या यांचं आजतागायत पटलेलं नाही. चुलते म्हणतात पोलीस ॲक्शनच्या आधी, आत्या म्हणते तिच्या लग्नाच्या खर्चातून उरलेल्या पैशात. वहीत दोन्ही आहे, कोण म्हणालं आणि कधी म्हणालं यासकट. कौल मी दिलेला नाही. म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या लीळा गोळा केल्या तेव्हा ज्यांनी पाहिलं-ऐकलं त्यांच्याकडे ते स्वतः जाऊन विचारत असत. सात-साडेसातशे वर्षांपूर्वी याच गोदेकाठी पायपीट करून माणूस एवढी खबरदारी घेतो, तर आपल्याला चुलत्याच्या घरी जायला काय झालं.

मांडणीवरचा दप्तरखाना

जुने कागद नाहीत म्हणून हळहळणाऱ्यांना मी आधी स्वयंपाकघरात पाठवतो. मांडणीवरची भांडी खाली काढा आणि एकेक उलटंपालटं करून बघा. लग्नात, बारशाला, वास्तुशांतीला, तेराव्याला दिलेल्या भांड्यावर देणाऱ्याचं नाव ठिपक्या-ठिपक्यांनी कोरलेलं असतं. कोणाकडून, कोणाला, कशानिमित्त आणि पुष्कळदा तारीखसुद्धा. पितळी घागर, तांब्या, परात, डबा, पेला, सगळ्यावर. राखेनं घासून घासून अक्षरं बुजलेली असतात. त्यावर कोरडं ज्वारीचं पीठ नाहीतर रांगोळी बोटानं चोळा आणि वरचं पुसून घ्या, ठिपक्यांत पांढरं भरून अक्षर उठून दिसतं. मग उजेड तिरका पडेल असं धरून फोटो काढा.

आमच्या घरी एका दुपारी मी, बायको आणि सून असे तिघं बसलो. एका मोठ्या परातीच्या काठावर, जिच्यात आम्ही रोज पीठ मळतो, आजीच्या भावाचं नाव निघालं. गावाच्या नावासकट. आजीला भाऊ होता हे माहीत होतं, पण तो कोणत्या गावी राहायचा ते घरात कोणालाच सांगता येत नव्हतं. परात आईच्याही आधीची. आजही पीठ तिच्यातच मळतो, फक्त घासणी बदलली, तारेची बंद केली.

भांड्यांची यादी खतावणीत वेगळ्या खात्यावर करा: भांडं, धातू, कोरलेला मजकूर जसाच्या तसा, आता कोणाकडे आहे. वाटण्यांमध्ये भांडी चार घरी गेलेली असतात, तर चारही घरी जाऊन या. चहा होतो, आणि यादीच्या निमित्तानं बोलणंही निघतं. मोडीत भांडी द्यायच्या आधी तर हे केलंच पाहिजे. दिवाळीच्या आधी मोडीवाला दारात आला की किती घरांची नावं वजनावर जातात, ते यार्डाच्या रस्त्यावर मी रोज पाहत होतो.

दुसरी खाण लग्नपत्रिकांची. पत्रिकेवर तारीख, तिथी, स्थळ तर असतंच, पण खाली निमंत्रकांची जी लांबलचक रांग असते ती म्हणजे त्या दिवशीची अख्खी भावकी, मानापमानाच्या क्रमानं. कोणाचं नाव गाळलंय तेही बघा. पत्रिका वहीत चिकटवू नका. चिकटपट्टी पिवळी पडते आणि कागद खाते, डिंकाला कसर लागते. मोठ्या पाकिटात घालायच्या, पाकिटाला आकडा द्यायचा आणि तो आकडा वहीत.

फोटोच्या मागे पेनानं दाबून लिहू नका, पुढे वळ उठतो. मऊ पेन्सिलीनं, कडेला, हलक्या हातानं. डावीकडून उजवीकडे नावं, ठिकाण, अंदाजे साल. ग्रुप फोटो असेल तर जुन्या माणसाला आजच दाखवा.

जमिनीच्या कागदांचं थोडक्यात. निजामाच्या काळातला कारभार उर्दूत, गावपातळीवरचं बरंच मोडी लिपीत. कागदावर फसली साल असतं आणि बहमन, खुरदाद असे महिने. फसलीत ५९० मिळवले की इसवी सन येतं. हैदराबादचं फसली वर्ष ऑक्टोबरात बदलायचं, म्हणून जानेवारीपासूनच्या तारखेला ५९१ धरा. शक दिसला तर ७८ मिळवा, ते वर्ष पाडव्याला बदलतं, म्हणून जानेवारीपासून पाडव्यापर्यंतच्या तारखेला ७९ धरा. १९५४-५५ चं खासरा पाहणी पत्रक तहसीलच्या अभिलेख कक्षात अर्ज करून मागा, नक्कल मिळते, आणि त्यात पणजोबाचं नाव, सर्व्हे नंबर, कधी कधी वहितदार (जमीन कसणारा) कोण तेही दिसतं. मोडी वाचणारे आता पुन्हा तयार होतायत, पुराभिलेख विभाग मोडीचे वर्ग घेतो. उर्दूसाठी गावातल्या जुन्या मौलवींना किंवा निवृत्त मास्तरांना विचारा. आमचं एक खरेदीखत अशाच एका शेजाऱ्यांनी ओट्यावर बसून वाचून दिलं. असे कागद लॅमिनेट करू नका. एकदा प्लास्टिक चढलं की उतरत नाही आणि आतला कागद भाजतो.

आणि जुन्या कागदावर जिल्हा ‘उस्मानाबाद’ दिसला तर ते लातूरकरांनी चूक समजू नये. १९८२ च्या आधी आपला जिल्हा तोच होता. हिंगोलीवाल्यांना १९९९ च्या आधी परभणी दिसेल. वहीत त्या वेळचं नाव लिहायचं आणि समासात आजचं.

खतावणी

आमच्या आडतीत अमावस्येला सौदा नसे, मग मुनीम लोक खतावणी ओढायचे. घरालाही तोच दिवस धरा, सणाची अमावस्या असली तर दुसरा दिवस. दुसरं रजिस्टर घ्या. प्रत्येक खात्याला दोन-दोन पानं सोडा. खाती कोणती? घरातलं प्रत्येक माणूस, हयात असो वा नसो. प्रत्येक शेत, त्याच्या बोलीतल्या नावानं: माळाचं, वडाखालचं, पांढरीचं. राहतं घर. विहीर-बोअर. जनावरं. सोनं-नाणं. दवाखाना. भांडी. ओव्या, म्हणी, पाककृती. आमच्याकडे ‘झाडं’ हे खातं सुनेनं काढलं, आणि खरं सांगायचं तर सगळ्यात जास्त वाचलं जातं तेच. कोणता आंबा कोणी लावला, कोणत्या वर्षी वाळला.

मग महिन्याची कीर्द समोर घेऊन बसायचं आणि प्रत्येक नोंदीतून त्या-त्या खात्यावर एक ओळ ओढायची. पूर्ण मजकूर उतरवायचा नाही. तारीख, चार शब्द आणि कीर्दीचं पान. वरची १२ जूनची नोंद तीन ठिकाणी गेली: आत्याच्या खात्यावर ‘१२.६.२४ मुक्काम, हुलगे, की. १ पा. ८७’, आजोबांच्या खात्यावर ‘बी राखण्याविषयी, आत्याच्या तोंडून, की. १ पा. ८७’, माळाच्या शेतावर ‘पेरा लांबला, की. १ पा. ८७’. जी नोंद ओढली तिला कीर्दीत बरोबरची खूण करायची, म्हणजे काय राहिलं ते कळतं. ‘की. १’ म्हणजे पहिली वही, दुसरी आली की ‘की. २’. पानांना आकडे टाकायला सांगितलं होतं ते यासाठी.

तासाभराचं काम आहे. आणि या तासाभरात कीर्दीतल्या चुकाही दिसतात, जसं दुकानात दिसायच्या. एका ठिकाणी मुलगी इयत्ता सातवीत, दुसऱ्या ठिकाणी त्याच वर्षी नववीत. मग समासात दुरुस्ती, तारीख टाकून. खाडाखोड नको, चुकलेल्या शब्दावर एक रेघ, वाचता येईल अशी.

वर्षभरानंतर खतावणीत कोणती खाती रिकामी आहेत ते बघा. आमच्या पहिल्या खतावणीत आजोबांची दोन्ही पानं भरली आणि आजीचं अर्धं पान. पुढच्या वर्षी काय विचारायचं, कोणाकडे जायचं, ते त्या रिकाम्या पानांवरूनच ठरलं.

भांडण, कर्ज, आजार

हे लिहायचं का, असं सगळे विचारतात. लिहायचं. वाटणी कधी झाली, बांध कुठून कुठं, मोजणीला कोण हजर होतं, बहिणींनी हक्कसोड दिली ती कोणत्या तारखेला, हे लिहिलं नाही तर पुढची पिढी भांडेल ती अंधारात. पण घडलं ते लिहा, निकाल लिहू नका. ‘थोरल्यानं लुबाडलं’ नव्हे. ‘विहिरीचा हिस्सा थोरल्याकडे, धाकट्याला त्याबद्दल चार हजार ठरले, दिले नाहीत असं धाकटा म्हणतो’. कर्जापायी माणूस गेलेल्या घरात वहीत बहुतेक ‘अपघात’ लिहितात. घरच्यांची समजूत असेल तोवर त्यांना कोणी दुसरं लिहायला लावू नये. मात्र त्या वर्षीचा पाऊस, भाव, कोणाची उचल किती, हे आकडे राहू द्या. वाचणारा वाचेल.

हयात माणसाचा आजार, मुलीच्या सोयरिकीची बोलणी, असलं काही वेगळ्या छोट्या वहीत ठेवा आणि ती कपाटाच्या आतल्या कप्प्यात. घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कीर्दीची पानं टाकायची तर आधी ज्याचं नाव आहे त्याला विचारा. आमच्याकडे एकदा एका हुंड्याच्या जुन्या आकड्यावरून दोन घरांचं बोलणं बंद व्हायची वेळ आली होती.

जपणूक

किल्लारी आमच्याच औसा तालुक्यात. दगडमातीच्या जाड भिंती, वर मातीचं माळवद, अशी घरं पहाटे चारच्या सुमारास बसली, आणि माणसांबरोबर कोनाड्यातले, पेटीतले कागदही गेले. त्यामुळे दुसरी प्रत दुसऱ्या गावी, यात मी तडजोड करत नाही. दर अमावस्येला खतावणी झाली की त्या महिन्याच्या पानांचे मोबाईलवर स्कॅन करायचे आणि एकाच पीडीएफमध्ये बाहेरगावच्या लेकीला पाठवायचे. व्हॉट्सॲपनं पाठवताना फोटो म्हणून नव्हे, डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर अक्षर फुटतं. फाईलचं नाव आधी साल, मग महिना: ‘२०२४-०६ कीर्द’. म्हणजे आपोआप रांगेत लागतात. लेकीनं तिच्याकडे ते ड्राइव्हवरही ठेवावं. आणि वर्षातून एकदा झेरॉक्स काढून एक कागदी गठ्ठाही दुसऱ्या घरी, कारण मोबाईल बदलतात आणि पासवर्ड विसरतात.

मूळ वह्या सुती कापडात बांधून, पत्र्याच्या पेटीत, पेटी विटांवर, भिंतीपासून वीतभर लांब. वाळवी भिंतीतून येते. पत्र्याच्या खोलीत माळ्यावर ठेवू नका, एप्रिल-मेच्या उन्हात तिथं बांधणीचा डिंक सुटतो. कडुनिंबाचा पाला सावलीत कडक वाळवूनच घाला, ओला घातला तर तोच बुरशी आणतो. पावसाळा सरला की दसऱ्याच्या सुमारास एक दिवस वह्या बाहेर काढून सावलीत वारा द्या.

वही एकट्यानं लिहिली तर ती त्या माणसाबरोबर थांबते. म्हणून आठवड्यातले दोन वार दुसऱ्या कोणाच्या तरी हाताला द्या, आणि त्यांच्या नोंदीवर पेन चालवू नका. आमच्याकडे मंगळवार-शुक्रवार सून लिहिते. ती भाव लिहीत नाही, मी सांगूनही लिहीत नाही. गॅसची टाकी कोणत्या दिवशी लावली आणि कोणत्या दिवशी संपली ते न चुकता लिहिते. सुरुवातीला मला ते वायफळ वाटलं होतं. आता खतावणीत ‘गॅस’ असं खातं आहे, आणि कोणत्या महिन्यात घरात पाहुणे होते, कोणत्या महिन्यात दोघंच होतो, ते त्यावरून बरोबर निघतं.